एक कान, पाच आवाज

मिस्त्री, हे पत्र तुमची बायको तुम्हाला वाचून दाखवेल, तेव्हा तिला उजव्या बाजूला बसवा. डावीकडे बसली तर मधलं काहीतरी गाळेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तुमच्याबद्दल चार पानं लिहिली आहेत. इतरांनीही वाचावीत अशी आहेत, म्हणून आत तुम्हाला सरळ ‘तो’ म्हटलंय. राग मानू नका. मीही आत नुसती ‘बाई’ आहे, आणि त्या बाईलाही मी सोडलेलं नाही. तुमच्या भावाला यातलं अर्धं आवडणार नाही. ते तुम्ही दोघं बघून घ्या. आता ऐका.

बाजारात त्याला सगळे ‘एकतर्फी’ म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तोंडामागे म्हटलेलं त्याला निम्म्या वेळा ऐकू येत नसे. डावा कान सातव्या वर्षीच गेला. थोरल्या भावाने शाळेतून गालगुंड आणलं, आठ दिवस गाल फुगवून झोपला आणि नवव्या दिवशी अंगणात चेंडू खेळायला गेला. मग तेच गालगुंड धाकट्याला झालं. सूज उतरली, पण जाताना एका कानाचा आवाज घेऊन गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, “दुसरा आहे ना?”

घरात त्यावर कुणी कधी शब्द काढला नाही. आईने फक्त जेवायच्या जागा बदलल्या. धाकटा ओळीच्या डाव्या टोकाला, म्हणजे सगळं घर त्याच्या उजवीकडे. पुढे बायको आली, तिने पंधरा दिवसांत व्यवस्था समजून घेतली. कामाचं बोलायचं ते उजवीकडून, मनातलं बोलायचं ते डावीकडून. “पंचवीस वर्षं त्या कानात काय काय टाकलंय,” ती सांगे, “बँकेचं लॉकर झालंय नुसतं. एक अक्षर बाहेर आलेलं नाही.”

असा माणूस आवाजाच्या धंद्यात कसा, हे प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारायचं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. “टक्कल पडलेला न्हावी चालतो ना तुम्हाला?”

दुकान वडिलांचं, एका खोलीचं, दोघा भावांच्या नावावर. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पुढे थोरल्याचा चकचकाट: भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच मासा पोहत असलेला. मागे धाकट्याचं टेबल, वर एक दिवा, सोल्डरची गन, राळेचा वास आणि लोकांनी टाकून दिलेले अँप्लिफायर. ते त्याने दुरुस्त करून पुन्हा लोकांच्या गळ्यात घातले होते. थोरल्याला पार्टिशन काढायचं होतं. आता टीव्ही एवढाले येतात की एका भिंतीवर दोन मावत नाहीत. ही गोष्ट तो तीन वर्षं धाकट्याच्या कानावर घालत होता, आणि धाकटा दर वेळी डावा कान पुढे करत होता.

पार्टिशन गेलं की टेबल जाणार, हे त्याला ठाऊक होतं. टेबल गेलं की तो पुढच्या काउंटरवर उभा राहणार. बावन्नाव्या वर्षी, चारचौघांत, “छोटू, जरा तो मोठा काढून दाखव.”

अशा दुकानात बाई आल्या त्या भांडायलाच आल्या. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली असल्याने त्यांना चूक दिसली की हात शिवशिवत. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. मागे ठेवून गेले ते एक मणभर वजनाचा अँप्लिफायर, पाच स्पीकर आणि धडधडणारा एक मोठा डबा. मुलाने नवा टीव्ही घेऊन दिला होता, याच दुकानातून. थोरल्याचा माणूस तो भिंतीला लावून गेला आणि जाताना म्हणाला, जुनं काही याला जोडता येत नाही.

“टीव्हीचा आवाज पाठीमागच्या भिंतीला ऐकू जातो, मला नाही,” बाई म्हणाल्या. “ते जुनं जोडून द्या.”

“मॅडम, त्या जुन्या खोक्यात आता आवाज शिरायला वाटच नाही,” थोरला म्हणाला. “लाल-पांढऱ्या पिनांचा जमाना गेला. नव्या टीव्हीला ती भोकंच नसतात. त्यापेक्षा ही पट्टी बघा. टीव्हीखाली एकच लावायची, की चारी बाजूंनी आवाज आल्यासारखं वाटतं.”

“मला वाटायला नकोय. यायला हवाय.”

पार्टिशनच्या मागून कुणीतरी म्हणालं, “वाट आहे.”

थोरल्याने मान न वळवता विचारलं, “तू बघितलंस मशीन?”

“नाही. तू बघितलंस?”

“माझ्या माणसाने बघितलं.”

“तो मागची बाजू बघायला वाकलासुद्धा नसेल. त्याची पँट घट्ट आहे.”

धाकटा बाहेर आला, कपाळावर भिंग, हातात पक्कड. बाईंना त्याने दोनच प्रश्न विचारले: खोकं साधारण कधीचं, आणि त्याच्या पाठीवर एखादं काळं बूच आहे का. पहिल्याचं उत्तर बाईंनी दिलं. दुसऱ्याचं त्यांना माहीत नव्हतं.

“पाचही स्पीकर बोलतील,” तो म्हणाला.

“न बघता?” थोरल्याला आता चेव आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. “मग ऐक. शनिवारी मी स्वतः येतो मॅडमच्या घरी. पाचही बोलले तर पार्टिशनचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही बोलले तर रविवारी सुतार येईल.”

“येऊ दे. चहा पाजून परत पाठवीन.”

“माझ्या घरातल्या वस्तूंवर पैजा लावताय,” बाई म्हणाल्या, “मला विचारलंत का?”

“विचारतो,” धाकटा म्हणाला. “चालेल?”

“चालेल.”

तो बुधवारी आला. आल्या आल्या चपला काढून पोटावर झोपला आणि टॉर्च घेऊन कपाटामागे शिरला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. तारांच्या टोकांना यजमानांनी चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली होती, पण शाई उडून गेली होती. सगळ्या तारा गालिच्याच्या कडेने, दारामागून, पुस्तकांच्या फळ्यांखालून आलेल्या. कुठली कुणाची, देव जाणे.

त्याने खिशातून एक पेन्सिल सेल काढला. “बाई, तुम्ही स्पीकरजवळ जा. जाळी काढा आणि आतल्या कागदावर बोट टेकवून ठेवा. हलकं. बाळाच्या टाळूवर ठेवतात तसं.”

“आणि?”

“मी इकडे तारेला सेल टेकवतो. कागद हलेल. बाहेर आला तर ‘बाहेर’ म्हणा, आत गेला तर ‘आत’.”

ही त्याची पद्धत होती. दोन कानांचे लोक आवाज लावून बघतात, तो हलवून बघे. सेलचा डोक्याचा भाग ज्या तारेला टेकवल्यावर कागद बाहेर येतो, ती लाल खिट्टीत जाणार, दुसरी काळीत. पाचांतला एक जरी उलटा लागला, तर त्याच्या वाट्याचा जोर बाकीचे खाऊन टाकतात. बाई पुढच्या स्पीकरवर बोट ठेवून बसल्या आणि ‘टक्’ झालं तसं म्हणाल्या, “बाहेर.”

“नक्की?”

“मी पस्तीस वर्षं अनुस्वार तपासले आहेत. बाहेर म्हणजे बाहेर.”

पुढचे तिन्ही असे लागले. मागचे दोन सोफ्याच्या पाठीमागे, पुस्तकांच्या फळीवर, दोन टोकांना. ते दोघे इवलेसे होते. बाई फळीसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडे हात लांब करून दोन्ही कागदांवर एकेक बोट टेकवलं.

टक्. “उजवा,” बाई म्हणाल्या. “बाहेर.”

टक्. “डावा. आत.”

त्याने तारा खिट्ट्यांत कसल्या आणि मग खोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्या पिनांच्या खाली, कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढं एक काळं बूच होतं. रंग खोक्याचाच, त्यामुळे ते भोक आहे हे कुणाला कळू नये. त्याने नखाने ते उपटलं. आत एक चौकोनी बीळ निघालं, लाल उजेडाची वाट बघत बसलेलं.

पिशवीतून त्याने एक बारीक काळी वायर काढली. तिचं एक टोक टीव्हीच्या मागे खुपसलं आणि दुसरं बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. टोकाशी लाल ठिणगी पेटलेली होती.

“यातून वीज जात नाही. उजेड जातो. आवाज उजेडावर बसून जातो.”

बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. “आणि हे भोक इतकी वर्षं होतं?”

“कारखान्यातूनच. तुमच्या यजमानांना लागलं नाही, म्हणून बूच राहिलं.”

आवाज आला, पण पुढच्या दोघांतूनच. मधला गप्प, मागचे दोन ठार मुके. त्याने खिट्ट्या पुन्हा तपासल्या, खोक्याला कान लावला, खोकं ठीक होतं. म्हणजे टीव्हीच पाचांऐवजी दोघांचा शिधा पाठवत होता. टीव्हीची यादी उघडली तर अक्षरं मुंगीएवढी.

“सरका,” बाई म्हणाल्या. त्यांनी ती सगळी यादी मुद्रितासारखी, ओळीवर बोट ठेवून वाचली. चित्र, रंग, भाषा, घड्याळ, आणि सगळ्यात आत, तीन दारांच्या मागे, आवाज बाहेर कसा पाठवायचा ते. तिथे लिहिलं होतं ‘पीसीएम’.

“तेच. ते म्हणजे दोघांपुरतं. खालचं निवडा, डॉल्बी लिहिलंय ते. मग गाठोडं न सोडता तसंच पाठवतो, आपलं खोकं सोडेल.”

बाईंनी खालचं निवडलं. खोक्यावर एक निळा दिवा लागला. मधला स्पीकर बोलायला लागला आणि मागून, पुस्तकांतून, पाऊल वाजल्यासारखा आवाज आला. बाईंनी दचकून मागे पाहिलं. चार वर्षांत त्या फळीने काही म्हटलं नव्हतं. त्या चहा ठेवायला गेल्या.

चहा झाल्यावर त्याने तपासणी केली. खोक्यात एक सोय असते, ते प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने खरखर सोडतं आणि नाव दाखवतं. पुढचे तीन ऐकायला तो स्टुलावर टीव्हीकडे तोंड करून बसला. मागचे दोन ऐकायला स्टूल फिरवून, टीव्हीकडे पाठ करून बसला. एका कानाच्या माणसाला पाठीमागचं कळत नाही, त्याला तोंड द्यावं लागतं. एरवी असं बसल्यावर तो मनातल्या मनात बाजू पालटून घेई. पण मान वळवून पाहिलं तर खोक्याने ‘उजवा’ दाखवला, आवाज उजवीकडूनच आला, बाईंचाही उजवा तोच होता, आणि तो निर्धास्त झाला. दोघांनी ताडून पाहिलेलं. दोघांचीही पाठ मात्र टीव्हीकडे होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

शनिवारी थोरला दुपारी चारला आला, इस्त्रीच्या शर्टात. सोफ्याच्या मधोमध बसला. धाकट्याने एक लढाईचा सिनेमा लावला. पुढचे बोलले, मधला बोलला, धडधड्या डब्याने खिडकीची काच हलवली. मागून पानं सळसळली. थोरल्याचा चेहरा पडत चालला. मग पडद्यावर हेलिकॉप्टर आलं. ते डावीकडे सरकत सरकत चौकटीबाहेर गेलं, डोक्यावरून मागे जायला निघालं, आणि सोफ्याच्या मागे उजव्या बाजूने उगवलं.

थोरला आधी गोंधळला. मग हसायला लागला. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

“छोटू, हेलिकॉप्टर इकडे गेलं आणि निघालं तिकडून. मागचे दोन्ही उलटे लावलेस.”

धाकट्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा फळीकडे, एकदा स्टुलाकडे. स्टूल अजून पाठमोरंच होतं. त्याला सगळं समजलं.

“चूक माझी,” बाई म्हणाल्या. “मी तिकडे तोंड करून डावं-उजवं सांगितलं.”

“आणि मी तिकडेच तोंड करून ऐकलं. चूक दोघांची, निम्मी निम्मी.” मग तो भावाकडे वळला. “पण पैज काय होती? पाचही बोलले पाहिजेत. बोलले का?”

“उलट बोलले.”

“दोघं उलट बोलले. धाकटे आहेत दोघं. धाकट्यांनी कधीतरी उलट बोलावं.”

बाईंना हसू आवरलं नाही. तेच थोरल्याला लागलं असावं. रुमाल घडी करून खिशात ठेवत तो म्हणाला, “थट्टा राहू दे. एका कानाच्या माणसाने हे काम करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पहिल्यापासून आहे.”

पंचेचाळीस वर्षांत कानाचा विषय भावाच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. टीव्हीत बंदुका चाललेल्या होत्या. धाकट्याने रिमोटने त्या गप्प केल्या.

“दादा, लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. तू तर रोज काउंटरवर तेच करतोस. या बाई आवाज येत नाही म्हणून आल्या, तू पट्टी दाखवलीस. माझी अडचण अशी आहे की मला सोडायला दुसरा कान नाही. आत गेलं ते आतच राहतं. बावन्न वर्षांचं सगळं आत आहे.”

त्या सगळ्यात गालगुंडाचे आठ दिवसही होते. थोरला खाली गालिच्याकडे बघत होता.

“आता बस तिथेच,” धाकटा म्हणाला आणि पोटावर झोपून कपाटामागे शिरला. मागच्या दोघांच्या तारा काढून एकमेकांच्या जागी कसल्या. अर्धा मिनिटही लागलं नाही. “बाई, हेलिकॉप्टर पुन्हा लावा.”

बाईंनी लावलं. ते डावीकडे गेलं आणि मागे डावीकडूनच निघालं, फळीवरून घरघरत उजवीकडे गेलं आणि पुन्हा पडद्यात शिरलं.

मिस्त्री, इथे तुम्ही कपाटामागे होतात, म्हणून तुम्हाला माहीत नाही. आज सांगते. हेलिकॉप्टर मागे गेलं तेव्हा तुमच्या भावाने डाव्या कानात बोट घातलं. कुणी बघत नाही असं वाटून घातलं. बोट तसंच ठेवून त्याने डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. काहीतरी शोधत असल्यासारखा दिसत होता. मग बोट काढलं आणि चहाला थांबला नाही.

रविवारी सुतार आला नाही. सोमवारी थोरल्याने पार्टिशनच्या पुढच्या बाजूला एक भला मोठा टीव्ही टांगून घेतला, पार्टिशन आहेच तर निदान भिंत म्हणून उपयोगी पडू दे, असं म्हणून. त्याचे सहा स्क्रू प्लायवूड फोडून मागच्या बाजूला बोटभर बाहेर आले, बरोबर टेबलाच्या वर. धाकट्याने पाचांवर वायरींची वेटोळी अडकवली आणि सहाव्यावर सोल्डरची गन. बायको डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, “भावजींनी खुंट्या चांगल्या मारून दिल्या.” हे तिने उजवीकडून म्हटलं आणि पुढे ऐकू जाईल इतकं मोठ्याने.

त्याच आठवड्यात त्याने बोर्ड केला. दुकानावर थोरल्याची दिव्यांची पाटी होती, तिच्याखाली हातभर जागा शिल्लक होती. एक फळी घासून, निळ्या ऑइलपेंटने, स्वतःच्या हाताने त्याने लिहिलं: ‘एकतर्फि साउंड. जुनं आणा.’ लोकांनी टाकलेलं नाव त्याने उचललं आणि दारावर ठोकलं.

बाई भाजी घेऊन परतताना तिथे थबकल्या. पिशवी खाली ठेवली.

“मिस्त्री, बाहेर या. हे कुणी लिहिलं?”

“मीच.”

“वेलांटी चुकली. ही पहिली दिलीत. शेवटचं अक्षर दीर्घ, दुसरी वेलांटी पाहिजे.”

त्याने बोटाने हवेत दोन्ही वेलांट्या काढून पाहिल्या. “म्हणजे डावीकडे काढली, उजवीकडे हवी होती.”

“हो.”

“परत?”

“परत.”

आता दोघंही हसले, आणि पुढचा मासा विकता विकता थोरल्यानेही मान वर करून पाहिलं.

“पुसू नका,” बाई म्हणाल्या. “तुम्ही हात लावलात तर अनुस्वारही घालवाल. माझ्याकडे निळा रंग आहे, खिडक्यांच्या गजांना आणलेला, थोडा उरलाय. बुधवारी येते ब्रश घेऊन.”

“बुधवारी शिडी काढून ठेवतो.”

त्या बुधवारी बाईंचा गुडघा धरला. पुढच्या बुधवारी त्यांनी डबा आणि ब्रश पिशवीत घातला, तर दुकान बंद. तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी गेलेला. त्यानंतर चार दिवस शिडी दारात उभी होती, मग थोरल्याने ती टीव्ही टांगायला नेली. कुणी गिऱ्हाइकाने चूक दाखवली की धाकटा आजही सांगतो, “माहीत आहे. बाई येणार आहेत दुरुस्तीला.” आणि ते गिऱ्हाईक, चूक दाखवायला थांबलेलं, हातातलं जुनं खोकं घेऊन आत येतं.

तर मिस्त्री, वेलांटी अजून डावीकडेच आहे, काल रिक्षातून जाताना पाहिली. रंगाचा डबा माझ्या मोरीत आहे. झाकण रंगाने चिकटून बसलंय, आणि ते उघडायला पक्कड लागेल, ती तुमच्याकडे आहे.